निरोपाची ढाळज

मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांना ढाळज असायची. काही गावांत तिला ढेलज म्हणत. मोठ्या दरवाजातून आत आलं की दोन्ही बाजूंना उंच ओटे, त्यांवर घोंगडी अंथरलेली, कोपऱ्यात पाण्याचा रांजण. बाहेरून आलेला माणूस कितीही ओळखीचा असला तरी आधी तिथं टेकायचा, पाणी प्यायचा. "कुठून येणं झालं?", "काय काम काढलं?" एवढं बोलणं व्हायचं आणि मग आत वर्दी जायची. निरोप्या, उसने पैसे मागायला आलेला, सोयरीक घेऊन आलेला, पहाटे दान मागणारा वासुदेव, सगळे आधी ढाळजेत थांबत. तेवढ्या वेळात आतल्या बाईला पदर सावरता यायचा, डोळे पुसता यायचे. घरात भांडण चाललेलं असेल तर ते तिथंच टाकून चेहरा नीट करता यायचा.

ढाळजेला दुसरीही बाजू होती, ती लपवून हे पान लिहायचं नाही. कितीतरी माणसांना जातीमुळे त्या ढाळजेच्या आत कधी येऊ दिलं गेलं नाही, काहींना तर ओट्यावरही बसू दिलं नाही. ती ढाळज मला परत नको. तिथं मिळणारा वेळ मात्र मला हवा आहे.

मोबाईलवरचा मेसेज थेट माजघरात येतो. स्वयंपाक चाललेला असो, दवाखान्यात कुणाच्या उशाशी बसलेलं असो, पाठीवर पंप घेऊन फवारणी चाललेली असो, खिशात किंवा ओट्यावर ठेवलेली ती वस्तू वाजते आणि दुसऱ्याचं बोलणं आपल्या डोळ्यांपुढे उभं राहतं. समोरच्याच्या दाराला आता ढाळज उरलेली नाही. म्हणून ती आपण आपल्या मेसेजात बांधून द्यायची. या पुस्तिकेत पुढे जे काही आहे ते या एका गोष्टीतून निघालेलं आहे.

ही पुस्तिका लिहायची बुद्धी मला एका चुकीतून झाली. मी लातूरला सत्तावीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, आता नांदेडला राहते. आण्णा, म्हणजे माझे वडील, काही दिवस माझ्याकडे राहून लातूरला परत निघाले होते. मी त्यांना बसस्टँडवर सोडलं, घरी आले आणि पुण्यातल्या धाकट्या भावाला मेसेज टाकला. "आण्णा गेले." दोनच शब्द. मग फोन चार्जिंगला लावला आणि कपडे धुवायला बसले.

मराठीत हे दोन शब्द किती जड आहेत हे मी वर्गात मुलांना शिकवलेलं होतं. आपल्याकडे निघताना कुणी "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतात. दिवा विझला असंही म्हणत नाहीत. जाण्याच्या क्रियापदाला आपली भाषा इतकी भिते आणि मी ते पूर्णविराम देऊन पाठवलं होतं. भावानं मला सात फोन केले. आण्णांना केले, तर बस लोह्याच्या पुढे रेंज नसलेल्या पट्ट्यात होती. त्यानं मावशीला कळवलं, मावशीनं आणखी चार घरी. मी अर्ध्या तासानं हात पुसत फोन घेतला तेव्हा भाऊ गाडीत बसून निघालेला होता. मी बोलले तेव्हा पलीकडून आधी बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. आण्णा तेव्हा अहमदपूरच्या स्टँडवर चहा पीत होते. त्या अर्ध्या तासात माझ्या भावानं जे सोसलं ते मला परत घेता आलेलं नाही. "आण्णांना नऊच्या लातूर गाडीत बसवून दिलं" असं लिहायला मला आणखी चार सेकंद लागले असते.

हाच निरोप मी तोंडी दिला असता तर काही बिघडलं नसतं. आवाजाला चढउतार असतो आणि चेहरा दिसतो. मेसेजात यातलं काही जात नाही. तिथं जाणारा प्रत्येक शब्द एकटाच जातो. म्हणून त्याला सोबत द्यावी लागते.

ही सोबत देण्याची कला आपल्या लोकांना येत होती. समर्थ रामदास आपल्याच जांबचे, आजच्या जालना जिल्ह्यातले. त्यांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर खर्च केला. अक्षर सारखं असावं, ओळी सरळ असाव्यात, कडेला जागा सोडावी, इथपर्यंत सगळं त्यात आहे. वाचणाऱ्याच्या डोळ्यांची काळजी लिहिणाऱ्यानं घ्यायची, हा विचार आपल्याकडे इतका जुना आहे. शाळेत आम्ही मुलांना मायना शिकवायचो. वडिलांना तीर्थरूप, धाकट्याला चिरंजीव, परक्याला सप्रेम नमस्कार विनंती विशेष. मुलांना तो घोकंपट्टीचा भाग वाटे. पण मायना ही पत्राची ढाळजच होती. वाचणाऱ्याला पहिल्या ओळीत कळायचं की लिहिणारा आपल्याला कुठं बसवतो आहे. मग "इकडील सर्व कुशल" यायचं आणि त्यानंतरच कामाचं बोलणं. खुशाली आधी लिहिण्यालाही कारण होतं. परगावचं पत्र हातात पडलं की काळजात धस्स व्हायचं, ते आधी शांत करायचं.

आणि कुशल नसेल तर? मयताचं कार्ड यायचं त्याचा एक कोपरा फाडलेला असायचा. पोस्टमननं लांबून हात पुढे केला की कोपरा दिसायचा. वाचता न येणाऱ्या म्हातारीलाही कळायचं. ते कार्ड घरात नेत नसत, बाहेरच वाचून फाडून टाकत. ज्यानं हा कोपरा फाडायची रीत पाडली त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, पण त्यानं माणसाला एक श्वास घ्यायला वेळ दिला. तारेचा धाक तर माझ्या पिढीनं पाहिलेला आहे. तारवाला सायकलवरून गल्लीत शिरला की बायका दारात येऊन उभ्या राहत. जुलै २०१३मध्ये देशातली तारसेवा बंद झाली. तोवर ज्याच्या-त्याच्या हाती फोन आलेले होते, आणि सप्टेंबर २०१६मध्ये जिओ सुरू होऊन इंटरनेट स्वस्त झाल्यावर तांड्यातांड्यावर, वस्तीवस्तीवर व्हॉट्सअ‍ॅप पोचलं. कार्डाच्या फाडलेल्या कोपऱ्यानं जे केलं ते करणारं मात्र त्यात काही आलं नाही.

म्हणून मृत्यूची बातमी ग्रुपवर टाकण्याबद्दल या पुस्तिकेत सगळ्यात सविस्तर लिहिलं आहे. जवळच्यांना आधी फोन, तोही बोलता येईल अशा माणसाला. घरच्यांनी सांगितल्याशिवाय ग्रुपवर नाही. खात्री नसेल तर मुळीच नाही, कारण दवाखान्यात जिवंत असलेल्या माणसाला भावपूर्ण श्रद्धांजली वाहिलेली कोरोनाच्या दोन वर्षांत आपण सगळ्यांनी पाहिली आहे. आणि बातमीखाली नुसता अंगठा दाखवू नये. अंगठा पाठवणाऱ्याला म्हणायचं असतं की वाचलं, कळलं. ज्याचा बाप गेला आहे त्याला तो अंगठा कसा दिसतो हे एकदा त्याच्या जागी बसून पाहावं. दोन शब्द लिहावेत. जमत नसेल तर काही न लिहिता संध्याकाळी जाऊन यावं.

आमच्या लातूर-नांदेड या दोन जिल्ह्यांत नुसता नमस्कार लिहिणंसुद्धा विचाराचं काम आहे. नांदेडात सकाळी बाजारात एका फेरीत राम राम, जय भीम, सलाम, सत् श्री अकाल, जय सेवालाल, जय हरी एवढं कानावर पडतं. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे घरात तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कानडी, गल्लोगल्ली दखनी, तांड्यावर गोरमाटी. यातला माणूस मराठीत मेसेज लिहितो तेव्हा त्याचं 'तू' आणि 'तुम्ही' घरच्या भाषेच्या वळणानं येतं. त्याला उद्धट ठरवण्याआधी दोनदा वाचावं. मी शिकवताना एकच सांगत आले, ज्यानं आपल्याला जसा नमस्कार घातला तसाच त्याला परत द्यावा. जय भीमला जय भीम, सलामला सलाम. मिश्र ग्रुपवर सर्वांना चालेल असा नमस्कार. गुरुद्वाऱ्यात शिरताना आपण सगळे डोकं झाकतो, त्यासाठी कुणाला आपला धर्म बदलावा लागत नाही. दुसऱ्याच्या जागेची रीत पाळल्यानं आपलं काही जात नाही. उलट व्हॉट्सअ‍ॅपच्या एका स्टेटसवरून शहर कसं पेटू शकतं ते जून २०२३मध्ये कोल्हापूरनं पाहिलं आहे.

रोमन अक्षरांत मराठी लिहिणाऱ्यांना एक विनंती. 'मला', 'माळा' आणि 'मळा' तिथं एकाच स्पेलिंगनं लिहिले जातात. वाटणीचं बोलणं चालू असलेल्या घरात हा फरक लहान नाही. देवनागरीचा कळफलक प्रत्येक फोनमध्ये आहे, आणि तो जमत नसेल तर बोलून टाइप करता येतं.

आता लातूरच्या मुलांबद्दल, कारण खरं तर त्यांच्यासाठीच मी लिहायला बसले. दहावी झाली की नांदेड, परभणी, हिंगोली, बीड, पार विदर्भातून मुलं लातूरला येतात. 'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्रभर गेला तो बोर्डाच्या गुणवत्ता यादीमुळे, आता ती गर्दी 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी आहे. नांदेडातही तेच झालं आहे. सोळा-सतरा वर्षांचं पोर खोली करून राहतं, डब्यावर जेवतं, आणि आईबाप आणि त्याच्यामध्ये फक्त एक फोन असतो. आमच्या लातूरच्या घराच्या वरच्या खोलीत अशी मुलं राहत. एका रविवारी संध्याकाळी त्यातला एक जिन्यात बसलेला दिसला. जेवला नव्हता. काय झालं विचारलं तर त्यानं फोन माझ्या हातात दिला.

"टेस्ट झाली का"
"किती पडले"
"बघितलास की"
"ब्लू टिक दिसायलीय"
"बोल की"

वडिलांचे मेसेज. साधा शेतकरी माणूस, पोरावर जीव टाकणारा. सोयाबीनचा भाव पडलेला, फीचा हप्ता डोक्यावर, त्या भीतीतून पाठवलेल्या पाच ओळी. पोरानं वाचले, सातशेवीसपैकी पडलेले गुण लिहायची हिंमत होईना, आणि न लिहावं तर निळ्या खुणा बोलत होत्या. नोव्हेंबर २०१४मध्ये या खुणा आल्या. तेव्हापासून वाचणं हेच उत्तर देण्याचं कर्ज झालं आहे. पूर्वी पत्र वाचून दोन दिवस उशाखाली ठेवता यायचं. ही खूण सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते, ते कसं हे पुस्तिकेत दिलं आहे. पण मुलानं ती बंद केली तर बापाला वाटतं की पोरगं लपवालागलंय. म्हणून मी त्या रात्री वडिलांना फोन लावला आणि हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मॅडम, मग लिहू तरी काय?"

पुढच्या रविवारी मुलानं मला त्यांचा मेसेज दाखवला. "जेवलास का. काल सोयाबीन काढायला सुरू केलंय. तुझी माय बरी हाय. अभ्यास झाल्यावर बोल." चार वाक्यं. आधी पोटाची चौकशी, मग घरची खुशाली, शेवटी बोलायची वेळ त्याच्या हाती. जुन्या पत्राचा सगळा क्रम त्या माणसानं कुणी न शिकवता पाळला होता. याला मी ढाळज असलेला मेसेज म्हणते.

ज्या क्लासचे पालक-ग्रुप परीक्षेनंतर सगळ्या मुलांची नावं गुणांनिशी एकाखाली एक लावून टाकतात, त्यांच्याबद्दल मला सौम्य भाषेत लिहिता येत नाही. यादीच्या तळाशी असलेल्या मुलीच्या आईनं ती यादी चारशे लोकांबरोबर का वाचावी? ज्याचे गुण त्याच्या घरी पाठवा. त्याला लागतील तेवढे कष्ट घ्या.

ग्रुपबद्दल आणखी एकच गोष्ट ठासून सांगते, बाकीचं आतल्या पानांत आहे. न विचारता कुणाला, विशेषतः कुठल्याही बाईला ग्रुपात घालू नका. आज एका ग्रुपात एक हजार चोवीस माणसं बसतात. तिथं घातलं की तिचा नंबर तेवढ्या अनोळखी हातांत जातो, आणि रात्री अकराला येणारे 'हाय' तिनं एकटीनं सोसायचे असतात. आपल्याला कोण ग्रुपात घेऊ शकतं हे ठरवायची सोय २०१९पासून आहे, २०२२पासून गाजावाजा न करता बाहेरही पडता येतं. सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला, दोघांचा समान हेतू असल्याशिवाय, ॲडमिन गुन्हेगार ठरत नाही असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं मार्च २०२१मध्ये म्हटलं आहे. कायद्याची जबाबदारी नसेल, शेजाराची आहेच. ढाळजेत कोणी वेडंवाकडं बोललं तर घरमालक उठून उभा राहायचा.

कचेऱ्यांनाही हे लागू आहे. जुलै २०२१मध्ये राज्याच्या सामान्य प्रशासन विभागानं कर्मचाऱ्यांसाठी मोबाईलचा शिष्टाचार ठरवून दिला. हळू बोला, शक्य तिथं मेसेज करा, बैठकीत फोन मूक ठेवा. चांगलं झालं. त्यात रात्रीचाही विचार व्हायला हवा होता. रात्री साडेदहाला 'उद्या दहापर्यंत माहिती सादर करावी' असा मेसेज शिक्षकांच्या, आशाताईंच्या ग्रुपवर येतो तेव्हा त्या घरातली झोप सरकारजमा होते.

आता जे लिहायचं आहे ते शिष्टाचाराच्याही पलीकडचं आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चारला काही मिनिटं असताना किल्लारीची जमीन हलली. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं झोपली होती. दगडमातीच्या रुंद भिंती आणि जड माळवदं अंगावर आली, हजारो माणसं गेली. ज्या ढाळजांबद्दल मी बोलते आहे त्यातल्या कितीतरी त्या पहाटे माणसांसकट गाडल्या गेल्या. आमच्या गल्लीत एक बाई आहे. तेव्हा ती नऊ वर्षांची होती, औसा तालुक्यात. २१ मार्च २०२४च्या सकाळी हिंगोलीकडे भूकंप झाला, नांदेडातही भांडी वाजली. कुणाचं काही गेलं नाही. पण संध्याकाळी ग्रुपवर फॉरवर्ड आला, रात्री दोन वाजता मोठा धक्का बसणार, घरात झोपू नका, पुढे पाठवा. मी पहाटे दूध घ्यायला बाहेर आले तर ती अंगणात खुर्चीवर बसलेली. मांडीवर मुलगी झोपलेली, मुलीच्या कानांवरून रुमाल बांधलेला, पायाशी पाण्याची बाटली आणि कागदपत्रांची पिशवी. रात्रभर ती तशीच बसून होती. भूकंपाची तारीख आणि वेळ आधी सांगण्याचं शास्त्र आज जगात कुणाकडेही नाही. तो मेसेज पाठवणाऱ्यानं काळजीपोटीच पाठवला असेल. पण ज्याच्याकडे तो जातो आहे त्यानं १९९३ पाहिलं आहे का, हा प्रश्न त्याच्या बोटाला पडला नाही.

आणि राईनपाडा. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं गाव. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे अशा मेसेजांनी आधीच गावांची डोकी भरलेली होती. जमावानं पाचही जणांना मारून टाकलं. आमच्या लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, तिथं भटक्या समाजांची पालं पडतात, त्यांच्या पंचायती बसत आल्या आहेत. हीच माणसं पिढ्यान्‌पिढ्या आपल्या ढाळजेपाशी उभी राहिली, "कोण गाव, पाव्हणं?" असं विचारून आपण त्यांना पसाभर ज्वारी घातली. राईनपाड्यात ते विचारण्याआधी मेसेज पोचलेला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं फॉरवर्ड केलेल्या मेसेजावर तसं लिहायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असं बंधन आणलं. पाच माणसं गेल्यावर पाचाचा आकडा आला. योगायोगच असेल, पण मला तो विसरता येत नाही.

एवढं सगळं लिहूनही मी या वस्तूच्या विरोधात नाही. माझ्या आजीनं जन्मात कुणाला पत्र लिहिलं नाही. तिला काही सांगायचं असेल तर गल्लीतल्या पोराला बसवून लिहून घ्यायची, आणि पोरासमोर बोलता येणार नाही ते मनातच ठेवायची. आज शाळेचं तोंड न पाहिलेली माय तिकडे ऊसतोडीच्या फडावरून बटण दाबून लेकीशी स्वतःच्या आवाजात बोलते, आणि मध्ये कुणी नसतं. हे फार मोठं झालं आहे. अशा माणसांच्या लांबलेल्या व्हॉइस मेसेजला कंटाळू नये, बसमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असा तो लावू नये, एकांतात पूर्ण ऐकावा.

या पुस्तिकेत नियम कमी आणि प्रत्यक्ष मेसेज जास्त आहेत. ज्यांचे आहेत त्यांना विचारून, नावं-गावं काढून घेतले आहेत. पहिला भाग घरासाठी, दुसरा शाळा-क्लाससाठी, तिसरा गावच्या आणि कचेरीच्या ग्रुपसाठी, शेवटचा अफवांवर. क्रमानं वाचायची गरज नाही.

वाचून झाल्यावर ती घरातल्या वयस्क माणसाला द्या. त्यांच्या फोनवर, अनेकदा फॉरवर्ड होऊन आलेल्या मेसेजच्या वर दोन बाणांची खूण असते, ती कुठं दिसते ते शेजारी बसून, बोट ठेवून दाखवा. ही खूण दिसली की पुढे पाठवण्याआधी मला फोन करा, असं त्यांना सांगा. आणि त्यांचा फोन आला की उचला.

नांदेड, गुढीपाडवा